चौदाशे पायऱ्यांचं लास वेगास

कॅन्ससच्या पश्चिमेला सेंट वॉलबर्ग नावाचं गाव आहे. गव्हाचं रान संपलं की पुढे गव्हाचंच रान लागतं, अशा मुलखातलं. गावातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे चार उंच सायलो आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी ट्रकचा वजनकाटा. त्या काट्यावर ऑरेलिया ड्रायलिंगनं सव्वीस वर्षं नोकरी केली. ट्रक आला की वजन घ्यायचं, लांब पोकळ सळई खुपसून गव्हाचा नमुना काढायचा, ओल बघायची, आणि दिवसातून दोनदा सायलोच्या माथ्यावर जाऊन आतलं धान्य तापलं तर नाही ना, हे तपासायचं.

माथ्यावर जायला एक माणूस मावेल एवढी जाळीची लिफ्ट होती. बाकी सगळे तिनंच जात. ऑरेलिया जिन्यानं जाई. तीनशे बारा पायऱ्या. सुगीच्या दिवसांत कधी चार-चार फेऱ्या.

गावाला याचं मोठं कौतुक. पन्नाशी उलटली तरी बाई टुणटुणीत आहे, व्यायाम सोडत नाही, असं लोक म्हणत. ऑरेलियाही तसंच म्हणायची. खरी गोष्ट निराळी होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती लिफ्ट मध्येच अडकली होती. खाली सत्तर फूट अंधार, वर शंभर फूट अंधार, नाकातोंडात गव्हाची धूळ, आणि हाका मारल्या तर आवाज सिमेंटवर आपटून परत यायचा. दोन तासांनी तिला बाहेर काढलं. बाहेर येऊन ती हसली, तोंड धुतलं आणि परत काट्यावर बसली. पण त्यानंतर ती कुठल्याच लिफ्टमध्ये पाऊल टाकू शकली नाही. जवळच्या हेज शहरातल्या इस्पितळात आई चौथ्या मजल्यावर होती, तेव्हाही ती जिन्यानंच गेली.

आईचं तिनं अकरा वर्षं केलं. लग्न झालं नव्हतं, म्हणून घर, आई आणि वजनकाटा एवढंच तिचं जग. दीड वर्षापूर्वी आई गेली आणि संध्याकाळी पाच वाजल्यानंतर काय करायचं, हा प्रश्न सत्तावन्नाव्या वर्षी तिच्यापुढे पहिल्यांदा उभा राहिला.

तिचा थोरला भाऊ लायनस मैलभरावर राहायचा. तो आणि त्याचे पाच मित्र दर फेब्रुवारीत लास वेगासला जात. बायका घरी राहत. परत आल्यावर हे सहा जण महिनाभर कॉफी पिता पिता एकेक डाव पुन्हा खेळत. कोण किती हरला ते मात्र कधी कळत नसे. आई गेल्यानंतरच्या फेरीत लायनसनं बहिणीसाठी काचेचा एक मग आणला. फुटू नये म्हणून तो एका छापील कागदात गुंडाळला होता. ऑरेलियानं मग कपाटात ठेवला आणि कागद सरळ करून वाचला. तिथल्या सर्वात उंच मनोऱ्याचा जिना चढण्याची शर्यत, फुप्फुसाच्या रुग्णांच्या मदतीसाठी. पायऱ्या चौदाशे. वयाची अट नाही.

तिनं तो कागद वर्षभर ब्रेडच्या डब्याखाली ठेवला आणि कुणालाही न सांगता तयारीला लागली. काम संपलं की सायलो एकदा, दोनदा, पुढे चारदा सलग. थंडीत ट्रक कमी असत, तेव्हा कुणाचं लक्षही नसे. पुढच्या जानेवारीत तिनं नाव नोंदवलं. मदतनिधीसाठी काट्याच्या खिडकीत कॉफीचा रिकामा डबा ठेवला, तेव्हा गावात बातमी फुटली.

लायनस त्याच संध्याकाळी आला. बूट न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला.

"एकटी बाईमाणूस त्या गावात जाऊन काय करणार गं तू?"

"तू दर वर्षी काय करतोस?"

"आम्ही खेळतो."

"मग मीही खेळायलाच चालले."

यावर त्यानं दुसरी बाजू काढली. तिथे लोक तरण्याताठ्यांनाही लुबाडतात, रस्ते कळत नाहीत, आणि चौदाशे पायऱ्यांवर छातीत कळ आली तर उचलून कोण आणणार. पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ, बर्निताही येईल, असं तो म्हणाला. बर्निता म्हणजे त्याची बायको. गेली अठरा वर्षं तिला हेच ऐकवलं जात होतं, हे ऑरेलियाला माहीत होतं. तिनं त्याला गरम सूप वाढलं आणि बसचं तिकीट काढून झालंय एवढंच सांगितलं.

काट्यावरचा तिचा साहेब व्हर्जिल वेगळ्या मातीचा. त्यानं चार दिवसांची रजा दिली, आणि जुगारघरातल्या रुलेटच्या चाकावर लावायला पाच डॉलरची एक नोट हातात देऊन म्हणाला, "माझ्यातर्फे लाल सतरावर लाव."

"सतरा काळा असतो की लाल, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"असेल तो. तू लाव."

डेन्व्हरला बस बदलून लास वेगासला पोहोचायला तिला एक दिवस आणि वर काही तास लागले. पिशवीत बारा बिरॉक होते, कोबी आणि खिमा भरलेले गावाकडचे पाव. ते तिनं गोठवून, चांदीच्या कागदात बांधून घेतले होते. शुक्रवारी दुपारी ती उतरली तेव्हा त्यातले नऊ शिल्लक होते आणि बसमधल्या तिघांना तिच्या गावाचं नाव पाठ झालं होतं.

तिनं घेतलेली खोली शहराच्या जुन्या भागातल्या एका दुमजली मोटेलात होती. मागितली होती खालची, मिळालीही खालची. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसे. आत मायक्रोवेव्ह होता, छोटा फ्रिज होता; तिला आणखी काही नको होतं. काउंटरवर त्सेहाय नावाची एक इथिओपियन बाई होती. वय चाळिशीचं, केस घट्ट बांधलेले, बोलणं थेट. एकटी आलेली, हातात पावांची पिशवी धरलेली ही पाहुणी तिला आवडली असावी. कुठली सिटी बस धरायची, दिवसभराचा पास कुठे मिळतो, कुठल्या हॉटेलच्या आतून गेलं तर वारा लागत नाही आणि स्वच्छ संडास कुठल्या मजल्यावर आहेत, हे सगळं तिनं एका कागदावर लिहून दिलं.

शनिवारी सकाळी ऑरेलियानं तो कागद हातात धरून सगळा मुख्य रस्ता पायी पालथा घातला. कारंजी फुकट होती, काचेची फुलं फुकट होती, छतावर रंगवलेलं खोटं आकाश फुकट होतं. एका हॉटेलात तर होड्या चालल्या होत्या. तिला मोठेपणाची धास्ती वाटली नाही. उंच इमारत दिसली की ती सवयीनं मनात म्हणे, यात आमच्या तालुक्याचा गहू मावेल, त्यात दोन तालुक्यांचा. एका जुगारघरात शिरून तिनं व्हर्जिलची नोट लावायला दिली. सतरा काळा होता. तिनं काळ्यावर लावू का, म्हणून विचार केला, पण सांगितलं होतं लाल. म्हणून नुसत्या लाल रंगावर लावली. चेंडू काळ्यावर थांबला. ती हसली आणि बाहेर पडली. त्या शहरात तिनं जुगारावर घालवलेली ही सगळी पाच मिनिटं.

दुपारी ती शर्यतीचा क्रमांक घ्यायला मनोऱ्यापाशी गेली. टेबलावरच्या मुलीनं छातीवर लावायचा कागद दिला, सकाळी किती वाजता यायचं ते सांगितलं, आणि जाता जाता म्हणाली, वर पोहोचल्यावर सगळ्यांना लिफ्टनं खाली आणू, जिन्यात चढणारे असतात ना, त्यामुळे जिन्यानं उतरायला परवानगी नाही.

ऑरेलिया जागच्या जागी थिजली. वर्षभर तिनं चढण्याचा विचार केला होता. उतरायचंही असतं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोटेलात परतली तेव्हा तिचा चेहरा बघून त्सेहायनं विचारलं, पैसे गेले का. आणि ऑरेलियानं, जे भावाला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला सांगून टाकलं. ती जाळी, ती धूळ, तो परत येणारा आवाज.

त्सेहायनं मान डोलावली, कीव केली नाही. "माझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे," ती म्हणाली. "चला."

समोरच्या जुगारघराच्या गाडीतळाला एक लिफ्ट होती, एक बाजू काचेची. पहिल्या खेपेला दार उघडलं, ऑरेलियाचं पाऊल उठलंच नाही, दार मिटलं. दुसऱ्या खेपेला तेच. एक म्हातारं जोडपं आत जाऊन वरही पोहोचलं. तिसऱ्या खेपेला त्सेहाय आधी आत जाऊन उभी राहिली आणि दारात पाय अडवून ठेवला.

"डोळे मिटू नका हं," ती म्हणाली. "डोळे मिटले की पेटी अजून लहान होते. माझ्याकडे बघा, नाहीतर आकडे बघा."

"आणि अडकली तर?"

"अडकली तर मी आहे ना. माझी सुट्टी वाढेल तेवढीच."

एक मजला. ऑरेलिया बाहेर पडली तेव्हा थंडीतही तिची पाठ ओली होती. मग दोन मजले. मग खाली. सुट्टी संपली म्हणून त्सेहाय गेली, आणि ऑरेलिया तिथेच कठड्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. मग तिनं एकटीनं बटण दाबलं.

त्या संध्याकाळी ती चर्चला जाऊन आली, कारण रविवारची सकाळ शर्यतीची होती. दानाची थाळी फिरत आली तेव्हा नोटांमध्ये जुगारघराच्या दोन रंगीत चकत्या पडल्या होत्या आणि कुणालाच त्याचं नवल नव्हतं. ऑरेलियानं आपली भर घातली, मेणबत्ती लावली, आणि खोलीवर येऊन दोन बिरॉक गरम करून खाल्ले.

सकाळी मनोऱ्याच्या पायथ्याशी सातशे माणसं जमली होती. अंगाला चिकटणारे कपडे, हातमोजे, मनगटावर घड्याळं. ऑरेलियाच्या अंगात सहकारी संस्थेचा हिरवा टी-शर्ट होता आणि पायांत कामावरचेच जुने बूट. नवे बूट घेऊन पाय सोलून घेण्यापेक्षा तिला तेच बरे वाटले होते. रांगेत तिच्या मागे एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई उभी होती. कोन्सुएलो अर्चुलेटा, प्वेब्लो शहराची, आगीच्या बंबावर तीस वर्षं काढून निवृत्त झालेली. पंचावन्न ते एकोणसाठच्या गटात गेली तीन वर्षं तीच पहिली येत होती, आणि हे तिनं स्वतःच सांगितलं.

"पहिल्यांदाच आलीस?" तिनं विचारलं. "मग ऐक. पहिल्या वीस मजल्यांत कुणाच्या नादी लागू नकोस. पोरं पळतात आणि तिसाव्यावर बसतात."

"आणि तू?"

"मी तुझ्या मागून दहा सेकंदांनी सुटणार. म्हणजे तुला गाठणार."

दर दहा सेकंदांना एकेक जण जिन्यात शिरत होता. ऑरेलियाची पाळी आली. दार उघडं होतं, आत सिमेंटचा वास होता, आणि तो वास नाकात जाताच तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ती पळाली नाही. कामावर चढायची तशीच चढू लागली; पाठ थोडी पुढे, एका वेळी दोन पायऱ्या, हातानं कठडा ओढत. पुढचे सगळे भराभर दिसेनासे झाले. पंधराव्या मजल्यावर त्यातला पहिला भेटला, भिंतीला टेकलेला. पंचविसाव्यापासून ते ओळीनं भेटू लागले.

घोळ वेगळाच निघाला. सायलोचा जिना उजवीकडे वळत जायचा, हा डावीकडे. आतला कठडा डाव्या हाताला येत होता, आणि तिचा डावा खांदा फार पूर्वी ट्रकच्या झडपेनं निखळला होता. चाळिसाव्या मजल्यावर तो ठणकू लागला. दुसरी गोष्टही तिच्या आता ध्यानात आली. घरी चारदा चढताना मधे तीनदा ती उतरत होती, आणि उतरताना दम परत येत होता. इथे उतरणं नव्हतंच. नुसतं वर.

पन्नासाव्यावर तिचे पाय शिशाचे झाले. मागून एक जड, सारखा येणारा श्वास ऐकू येऊ लागला. वळून बघायची गरज नव्हती. तो बंबावरच्या बाईचा श्वास होता.

ऑरेलियानं डावा हात सोडला. बाहेरच्या अंगाला सरकून उजव्या हातानं बाहेरचा कठडा धरला. त्या बाजूनं प्रत्येक वळणावर चार पावलं जास्त पडत होती, पण चांगला खांदा कामाला लागला. सुगीत ट्रकची रांग लागलेली असे, खाली भोंगे वाजत असत आणि ती माथ्यावर जात असे. तेव्हा ती पायऱ्या मोजत नसे, ट्रक मोजत असे. आताही तिनं तेच केलं. हा लाइकरांचा ट्रक. हा फॅननस्टीलांचा. हा लायनसचा, नेहमीसारखा ओला गहू घेऊन आलेला. एकेक मजला, एकेक ट्रक.

सत्तराव्याला कोन्सुएलो तिच्या बरोबरीला आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बोलायला श्वास नव्हता. पाच मजले त्या खांद्याला खांदा लावून चढल्या, आणि मग एका वळणावर ऑरेलिया अर्धी पायरी पुढे गेली. ती अर्धी पायरी तिनं परत दिली नाही. माथ्यावरचं दार तिनं दोन्ही हातांनी ढकललं आणि समोरच्या जाजमावर गुडघे टेकून बसली.

तेरा मिनिटं बेचाळीस सेकंद. कोन्सुएलो पाच सेकंद मागून दारात आली, पण ती दहा सेकंद उशिरा सुटली होती, म्हणजे हिशेबानं तीच पुढे. ऑरेलियानं हे स्वतःच मनात मांडलं आणि उठून तिला हात दिला.

"तूच जिंकलीस," ती म्हणाली.

कोन्सुएलो वाकून धापा टाकत होती. तिनं छातीवरचा आपला कागद ओढून दाखवला. "नीट बघ ना बये. मी गेल्या महिन्यात साठीची झाले. यंदा माझा गट वेगळा. तू तुझ्यात पहिली, मी माझ्यात."

"मग खाली सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू एवढी पळाली असतीस?"

दोघी हसू लागल्या आणि हसायलाही दम पुरेना. कुणीतरी पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. काचेपलीकडे सगळं शहर सकाळच्या उन्हात पसरलं होतं. वरून ते जरीकामाची उलटी बाजू दाखवल्यासारखं दिसत होतं: गच्च्यांवरची यंत्रं, पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे तळ, आणि त्यापलीकडे तांबूस डोंगर. ऑरेलिया बराच वेळ बघत राहिली. सायलोच्या माथ्यावरून तिला सव्वीस वर्षं एकच दृश्य दिसत आलं होतं आणि ते तिला कधी कमी वाटलं नव्हतं. पण हेही आपलंच आहे, पायांनी मिळवलेलं, असं तिला वाटलं.

मग लिफ्टची रांग आली. कोन्सुएलोला तिनं लिफ्टच्या भीतीबद्दल आधीच सांगून ठेवलं. आगीच्या बंबावरची बाई. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं काढण्यात तिचा अर्धा जन्म गेलेला. ती बाजूला उभी राहिली. ऑरेलियानं डोळे उघडे ठेवले. आकडे इतक्या वेगानं उतरत होते की वाचता येईनात. कानांना दडे बसल्यासारखं झालं, आणि दार उघडलं. एवढंच होतं ते. ती बाहेर आली, चार पावलं गेली, आणि थांबून एकटीच मोठ्यांदा हसली. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, बाईला काहीतरी मोठं घबाड लागलं असावं.

दुपारी गटातल्या पहिल्या क्रमांकाचं पदक गळ्यात घालूनच ती आणि कोन्सुएलो पोटभर जेवणाच्या जागी गेल्या. सगळ्या प्रवासात एवढी एकच चैन तिनं ठरवून ठेवली होती. खेकड्याचे पाय तिनं आयुष्यात पहिल्यांदा खाल्ले आणि तीन बशा खाल्ल्या. उरलेले बिरॉक तिनं त्सेहायला दिले. त्सेहायनं काउंटरमागेच एक खाऊन पाहिला आणि मसाला कमी आहे म्हणून सांगितलं.

ती परतली तेव्हा लायनस बसथांब्यावर ट्रक घेऊन उभा होता. पदक हातात घेऊन त्यानं उलटंसुलटं बघितलं. वाटेत दहाएक मैलांनंतर म्हणाला, "आम्ही सहा जण अठरा वर्षं जातोय. एकानंही काही जिंकून आणलं नाही." व्हर्जिलनं ते पदक वजनकाट्याच्या खिडकीत आठवडाभर टांगून ठेवलं. ट्रकवाले काच खाली करून विचारत, हे कशाचं, आणि तो प्रत्येकाला तेरा मिनिटं बेचाळीस सेकंद सांगे, जणू तोच चढला होता.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी बर्निता ऑरेलियाच्या दारात आली. अंगात नवा कोरा सदरा, पायांत नातवंडांनी घेऊन दिलेले पांढरे बूट. तिनं लायनसला सांगितलं होतं की पुढच्या फेब्रुवारीत घरात कुणीच नसेल, कुत्र्याची सोय त्यानं बघावी. सायलोत परक्यांना परवानगी नाही, म्हणून दोघींनी पाद्रीबाबांना विचारून चर्चच्या घंटेचा मनोरा मिळवला. एकशे चाळीस पायऱ्या.

पहिल्याच दिवशी बर्निता साठाव्या पायरीवर बसली. "माझं काही होणार नाही गं," ती म्हणाली. "तुझे पाय निराळे."

"पाय नाही, हात," ऑरेलिया म्हणाली. "कठडा धर. ओढ स्वतःला. आणि लायनसचा ट्रक खाली भोंगा वाजवतोय, असं समज."

बर्निता उठली. वीस पायऱ्यांनी तिनं विचारलं, तो खरंच वाजवतोय का. ऑरेलियानं खिडकीतून वाकून बघितलं. वाजवत होता.